मूत्रपिंडांचे हृदयाशी नाते



तीन वर्षांपूर्वी माझे थोरले मामा वारले. त्यांच्या मूत्रपिंडांना विकार जडला आहे, हे डॉक्टरांनी दोन वर्षे आधीच सांगितले होते. मामांना मात्र कोठे दुखत नव्हते, खुपत नव्हते. जेवण जात होते, झोप लागत होती. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी एकदा चवथीच्या गडबडीत सोडल्या, त्या पुन्हा घेतल्याच नाहीत. एका पहाटे छातीत कळ आली आणि दोन तासांत सारे संपले. तेराव्याला जमलेली मंडळी म्हणू लागली, ‘‘पाहा, डॉक्टर मूत्रपिंड मूत्रपिंड करीत बसले आणि दुखणे निघाले काळजाचे!’’ मीही त्या वेळी मान डोलावली.

ती मान डोलावणे चुकीचे होते. मी कला शाखेची पदवीधर; वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरताच. तरीही मूत्रपिंडाच्या रोग्याचा अंत हृदयविकाराने का व्हावा, हा प्रश्न मनातून जाईना. शाळेतील विज्ञानशिक्षकांना छळून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम मूत्रपिंडे म्हणजे काय ते पाहू. कंबरेच्या वरच्या अंगाला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, मुठीएवढी ही दोन पिंडे असतात. दोहोंचे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडेच जातो. देहाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याने एवढे रक्त मागावे, याचे कारण त्यांचे काम. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक गुंतवळा. दिवसाकाठी या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सारा पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंड हा रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

आता आपण लंडनला जाऊ. तेथील गाय्‌ज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) नावाचे वैद्य होते. अंगावर सूज आलेले रोगी त्यांच्याकडे पुष्कळ येत. ब्राइट त्यांचे मूत्र एका चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरीत. काही रोग्यांच्या बाबतीत ते अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे गोठे. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन मूत्रात उतरले आहे, याची ती खूण. असे रोगी दगावले, की ब्राइट शवविच्छेदन करीत आणि त्यांना मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. चमच्यातले गोठणे, अंगावरची सूज आणि पोटातले बिघडलेले मूत्रपिंड या तिहींची सांगड घालणारा त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. या रोगाला पुढे कित्येक दशके ‘ब्राइटचा रोग’ असेच म्हणत.

परंतु मला ब्राइट यांचे खरे मोठेपण दिसते ते त्यांच्या १८३६ सालच्या लेखात. अशा शंभर रोग्यांची टिपणे एकत्र मांडताना त्यांच्या ध्यानी आले, की यांतील अनेकांचे हृदय, विशेषतः त्याची डावी बाजू, वाढलेली आहे. आणि कित्येकांच्या हृदयाच्या झडपांत तर काहीच दोष नाही. मग हृदय वाढले कशाने? ब्राइट यांनी दोन तर्क केले. बिघडलेले रक्त हृदयालाच उत्तेजित करीत असावे. नाहीतर ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असा काही अडथळा आणीत असावे, की त्यांतून रक्त ढकलण्यास हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधन नसलेल्या काळात, केवळ डोळे आणि चमचा यांच्या बळावर केलेला हा तर्क आहे! १८४२ साली त्या रुग्णालयाने मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी ४२ खाटांचे दोन कक्ष काही महिने त्यांच्या स्वाधीन केले. एकाच रोगाचे रोगी एकत्र ठेवून पद्धतशीर अभ्यास करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते.

ब्राइट यांच्या तर्कास पुढे नेणारा तरुण त्याच रुग्णालयात निपजला आणि त्याची कथा आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी आहे. पाटण्याकडील शेख दीन मोहंमद हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर राहून पुढे विलायतेस गेले. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी खाद्यपदार्थांचे उपाहारगृह काढले. ते चालले नाही, तेव्हा ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि अंगमर्दन यांचा व्यवसाय करून नाव मिळविले. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहंमद (१८४९–१८८४). विद्यार्थिदशेतच त्याने नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा केली. मनगटावर बसविलेल्या या यंत्राची तरफ नाडीच्या ठोक्याबरोबर हलून काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढीत असे, आणि त्या रेघेवरून रोहिणीतील ताण किती आहे, याचा अंदाज बांधता येई.

लोहितांगज्वरातून उठलेल्या रोग्यांना पुष्कळदा मूत्रपिंडाचा विकार होई. मोहंमदांनी अशा रोग्यांची नाडी रोज पाहिली आणि त्यांना आढळले, की मूत्रात अल्ब्युमिन दिसू लागण्यापूर्वीच नाडीचा ताण वाढलेला असतो. इतकेच नव्हे, तर वरवर धडधाकट दिसणाऱ्या आणि मूत्रात काहीच दोष नसलेल्या माणसांतही त्यांना असा चढा ताण सापडला. म्हणजे मूत्रपिंड बिघडल्यामुळे रक्तदाब चढतो हे जसे खरे, तसेच चढलेला रक्तदाब आधी येतो आणि मूत्रपिंडाला मागाहून खातो, हेही खरे. पुढे त्यांनी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या द्वारे गावोगावच्या वैद्यांकडून छापील प्रश्नावल्या भरून घेण्याची योजना चालविली. एका रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाऊन शेकडो वैद्यांची निरीक्षणे एकत्र करण्याचा तो उपक्रम होता. वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने त्यांचा अंत झाला. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे साधन आले १८९६ साली; ते पाहणे मोहंमदांच्या नशिबी नव्हते.

आता या चक्राची रचना समजून घेऊ. मूत्रपिंडे शरीरातील मीठ आणि पाणी यांचा हिशेब ठेवतात. ती थकली, की मीठ साचते, मिठाबरोबर पाणी साचते आणि रक्तदाब चढतो. चढलेल्या दाबाचे तडाखे सोसून लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. मूत्रपिंडातील गाळण्या याच जातीच्या वाहिन्यांच्या. तेव्हा त्या आणखी निकामी होतात आणि चक्र पुन्हा पहिल्या पायरीवर येते. इकडे ताठर नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो. ब्राइट यांनी शवविच्छेदनात पाहिला तो हाच. भरीस भर म्हणून, मूत्रपिंडे दुबळी झाली की फॉस्फरस साचतो आणि रोहिण्यांच्या भिंतींत चुना बसू लागतो. तांबड्या पेशी घडविण्याची सूचना देणारा रसही कमी पडतो, त्यामुळे रक्त पातळ होऊन हृदयाचे श्रम वाढतात.

आपल्या गोमंतकात मिठाची चर्चा करणे म्हणजे धाडसच. सुके बांगडे, खारे, चेपणीतील तोरे यांवाचून पावसाळ्यातील पेजेला चव कोठून येणार? परंतु जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ सांगते. तो चमचा स्वयंपाकातच संपतो. लोणच्याचा हिशेब पुढेच राहतो.

मूत्रपिंड रक्तदाब कसा चढविते, याचे एक गूढ प्रयोगशाळेत उकलले. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट व बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्यास त्यांनी रेनिन हे नाव दिले. कित्येक वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीस चांदीचा चिमटा लावून तिचा मार्ग अरुंद केला, आणि कुत्र्याचा रक्तदाब चढून तसाच राहिला. रक्त कमी मिळाले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. रेनिनपासून पुढे रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार होते. हे दुसरे द्रव्य ब्यूनोस आयर्स आणि इंडियानापोलिस येथील संशोधकांना एकाच सुमारास स्वतंत्रपणे सापडले. एकांनी त्याला हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्यांनी अँजिओटोनिन. बरीच वर्षे दोन्ही नावे चालली. शेवटी १९५८ साली दोन्ही नावे मोडून अँजिओटेन्सिन असे एक नाव जुळविले गेले. शास्त्रज्ञांचा समेट इतका गोड क्वचितच होतो.

औषधांच्या बाबतीत मुंबईचाही एक वाटा आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण रोग्यांवर तपासून विलायतेतील नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. ते औषध आज मागे पडले आहे. अँजिओटेन्सिनला अडविणारे औषध मात्र भलत्याच ठिकाणाहून आले. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषातील द्रव्याचा सेर्झिओ फेरेरा यांनी १९६५ च्या सुमारास अभ्यास केला आणि त्याचा मागोवा घेत अमेरिकेत कॅप्टोप्रिल हे औषध बनविण्यात आले. १९९३ साली मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या ४०९ रोग्यांवरील परीक्षेचा निकाल आला. दोन्ही गटांचा रक्तदाब आटोक्यात ठेवला होता. तरीही कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, कृत्रिम मूत्रपिंड वा मूत्रपिंडरोपण यांची पाळी येण्याचा धोका निम्म्याने कमी ठरला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कृत्रिम मूत्रपिंडावर जगविलेल्या रोग्यांच्या रोहिण्या अकाली कठीण होतात आणि ते हृदयविकाराने दगावतात, हे सिएटलच्या वैद्यांनी १९७४ सालीच लिहिले होते. परंतु ज्यांची मूत्रपिंडे थोडीशीच उणावली आहेत त्यांचे काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील ११,२०,२९५ प्रौढांच्या नोंदी तपासून २००४ साली याचे उत्तर प्रसिद्ध झाले. गाळण्याची शक्ती मिनिटास ६० मिलिलिटर वा अधिक असणाऱ्यांशी तुलना करता, ४५ ते ५९ असणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका १.४ पट, ३० ते ४४ असणाऱ्यांना २ पट, १५ ते २९ असणाऱ्यांना २.८ पट आणि त्याखाली ३.४ पट आढळला. पायरीपायरीने चढणारे हे आकडे वाचताना मला तेराव्याची ती बैठक आठवली. मामांच्या डॉक्टरांचे निदान चुकले नव्हते. मूत्रपिंड व हृदय ही दोन दुखणी नव्हतीच; दोहोंना जोडणाऱ्या रक्तवाहिन्यांचेच ते दुखणे होते.

मूत्रातील अल्ब्युमिनचा अर्थही आता विस्तारला आहे. कोपनहेगन येथील डेकर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली असे मत मांडले, की मधुमेही माणसाच्या गाळणीतून अल्ब्युमिन झिरपू लागले, तर साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर ढिले पडत असल्याची ती खूण समजावी. हृदयाची वा मेंदूची बारीक वाहिनी उघडून पाहता येत नाही; मूत्र मात्र रोज आपण होऊन साक्ष देते.

अलीकडील एका परीक्षेतील गणित तुम्हीच करून पाहा. मूत्रपिंडे दुबळी झालेल्या ४३०४ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन समान गट पाडले. एकास डापाग्लिफ्लोझिन हे औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधी गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्यास ठाऊक नाही आणि वैद्यासही नाही. सुमारे २.४ वर्षांत औषधाच्या गटातील १९७ जणांची आणि दुसऱ्या गटातील ३१२ जणांची मूत्रपिंडे फार खालावली, किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू ओढवला. २१५२ ने भागून टक्के काढा: ९.२ आणि १४.५. शंभरांमागे फरक ५.३, म्हणजे सुमारे १९ जणांनी औषध घेतले, तर एकावरचे संकट टळते. २०२० साली हा निकाल आला. या औषधाचा मूळपुरुष १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेले एक द्रव्य होय. ज्या एका गटास निरौषधी गोळी मिळाली, त्या माणसांचेही या ज्ञानात तेवढेच दान आहे, हे मला राहून राहून वाटते.

मामांच्या नंतर मी आईला आग्रहाने तपासणीस नेले. ती त्यांची धाकटी बहीण. रक्तदाब चढा निघाला, मूत्रात अल्ब्युमिनही थोडे सापडले. गाळण्याची शक्ती मात्र अजून चांगली होती. डॉक्टरांनी कॅप्टोप्रिलच्याच कुळातील एक गोळी रोज सकाळी घेण्यास सांगितली आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घेतले. त्या संध्याकाळी मी तिला ब्राझीलच्या सापाची हकिकत मोठ्या हौसेने सांगितली. तिने हातातली गोळी खाली ठेवली आणि विचारले, ‘‘म्हळ्यार हांव सोरपाचें वीख खातां?’’ गोळीत विषाचा थेंबही नाही, केवळ त्या विषाचे कार्य पाहून कारखान्यात घडविलेले ते द्रव्य आहे, हे पटविण्यास मला जेवणाच्या वेळेपर्यंत बोलावे लागले. मग तिने गोळी घेतली. आणि ताटातले लोणचे स्वतःहून बाजूला सारले.