कपड्यांच्या दुकानामागचं करिअर

‘मुलगी पीयूसी कॉमर्सला आहे. रिटेलमध्ये जायचं म्हणते. म्हणजे शेवटी दुकानात उभं राहून शर्टच विकायचे ना?’ हुबळी-धारवाडच्या पालकांचा हा प्रश्न नेहमीचा आहे आणि त्यामागची काळजीही खरी आहे. पण विक्री हा या धंद्याचा शेवटचा टप्पा झाला. कोणता माल, कुणाकडून, किती घ्यायचा आणि कुठल्या दुकानात कधी पाठवायचा, हे ठरवणारी माणसं पडद्यामागे असतात. करिअर आहे ते तिथे.

टाटांच्या ट्रेंट कंपनीचं उदाहरण घ्या. १९९८मध्ये लॅक्मे विकून टाटा या धंद्यात उतरले आणि ‘वेस्टसाइड’ उभं राहिलं. पुढे ‘झुडिओ’ आलं. झुडिओत फक्त स्वतःच्याच ब्रँडचे कपडे मिळतात. त्यामुळे कापड निवडण्यापासून कारखान्याशी भाव ठरवण्यापर्यंत सगळं कंपनीच्या गळ्यात, आणि पडून राहिलेल्या मालाचा तोटाही तिचाच.

तोटा टाळायच्या वाटा दोन. ‘झारा’ बराचसा माल स्पेनच्या आसपास, पोर्तुगाल-मोरोक्को-तुर्कस्तानात शिवून घेते आणि दुकानांना आठवड्यातून दोनदा नवा माल पाठवते. शिलाई महाग पडते, पण न खपणारा माल कमी उरतो. ‘युनिक्लो’ साधे, वर्षानुवर्षं चालणारे कपडे महिनोन्‌महिने आधी मोठ्या संख्येनं मागवते. तिथे भाव कमी पडतो आणि उरलेला मालही पुढे खपतो.

काम नेमकं काय?

समजा, एका टी-शर्टचे ६० नग हुबळीच्या दुकानात आले: स्मॉल १०, मीडियम २०, लार्ज २०, एक्स्ट्रा लार्ज १०. पंधरा दिवसांत मीडियम-लार्ज संपले, स्मॉल तसेच पडून. धारवाडच्या दुकानात कॉलेजची गर्दी, तिथे स्मॉल कधीच संपलेत. साइज तुटली की गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जातं. स्मॉल धारवाडला हलवायचे, हुबळीसाठी मीडियम-लार्ज पुन्हा मागवायचे आणि पुढच्या खेपेला दोन्ही दुकानांसाठी साइजचं प्रमाण वेगळं ठेवायचं, हे ज्याला वेळेत सुचतं तो प्लॅनिंगचा माणूस. कारखान्याशी भाव, कापडाचं वजन आणि तारीख पक्की करतो तो मर्चंडायझर. गोदाम, गुणवत्ता तपासणी आणि वाहतूक ही आणखी तीन दालनं.

आपल्या मुलांना इथे एक फायदा आहे. हुबळीहून गदग-होसपेटमार्गे गेलं की जीन्सचं बळ्ळारी. पुणे महामार्गावरून पुढे कोल्हापूरजवळ यंत्रमागांचं इचलकरंजी. बेंगळुरूच्या पलीकडे होजिअरीचं तिरुपूर. ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस तर १९७२मध्ये धारवाडच्याच संशोधनातून आला. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, बाजारात हिंदी बोलणारं पोर पुरवठादाराशी थेट बोलू शकतं. हे कौशल्य कुठल्याही वर्गात विकत मिळत नाही.

कुठे शिकायचं?

निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची) बेंगळुरू आणि मुंबई ही केंद्रं जवळची. तिथल्या बीएफटेक या फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीसाठी बारावीला गणित लागतं, म्हणून पीयूसीचे विषय निवडतानाच विचार करा. पदवीनंतर तिथेच फॅशन मॅनेजमेंटची मास्टर्स करता येते. कापडाचं तंत्र आवडत असेल तर इचलकरंजीची डीकेटीई संस्था आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठातही वस्त्रशास्त्राचा विभाग आहे. हे नको असेल तर इथेच बी.कॉम. किंवा बीबीए करा आणि कर्नाटक विद्यापीठातून एमबीए. कर्ज काढून महागड्या खासगी कोर्सला पैसे घालण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या कुठे लागल्या, हे त्यांनाच विचारा.

पालकांनो, हेही ऐका

या कामात दिवाळी आणि लग्नसराई म्हणजे सुट्टी नव्हे, धावपळ. सुरुवातीचे काही महिने दुकानात उभं राहावंही लागेल. त्यात कमीपणा नाही. गिऱ्हाईक कपडा हातात घेऊन परत का ठेवतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याची खरेदी चुकते.

मुलांनो, येत्या सुट्टीत हुबळीच्या कापडबाजारात, जवळी साळीतल्या एखाद्या ओळखीच्या दुकानात महिनाभर काम मागा. रोज काय खपलं, कुठली साइज तुटली, काय पडून राहिलं, ते एक्सेलमध्ये मांडा. महिनाअखेरी त्या आकड्यांवरून पुढची मागणी लिहून मालकांना दाखवा. ते करताना वेळेचं भान राहिलं नाही, तर हे क्षेत्र तुमचं आहे. कंटाळा आला, तर फीचे पैसे भरण्याआधीच ते कळलं, हेही काही थोडं नाही.