बढतीची वाट पाहताना दुसरीकडे मुलाखत द्यावी का?

द्यावी. बढतीचं पत्र हातात पडेपर्यंत बाहेर मुलाखत देण्यात बेइमानी नाही, हे मी आज ठामपणे सांगतो. मात्र ती कधी आणि कशासाठी द्यायची, हे आधी ठरवलेलं असावं.

चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. अप्रेझलच्या आधी साहेब म्हणाले, "तुझं नाव वर पाठवलंय, यंदा डेप्युटी मॅनेजर नक्की." ते मनापासून बोलत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. काम तर लगेच वाढलं. कस्टमर ऑडिट, सप्लायरकडच्या फेऱ्या, रात्री लाइन थांबली की येणारे फोन, सगळं माझ्याकडे आलं. याच काळात रांजणगावच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. इथे शब्द मिळालाय म्हणून मी गेलो नाही आणि ती जागा भरली गेली. एप्रिलची पत्रं जुलैत निघाली. माझ्या पत्रात थोडी पगारवाढ होती, हुद्दा जुनाच. त्या ग्रेडमधल्या जागा मुख्य कार्यालयाने गोठवल्या होत्या. पुढे साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब म्हणाले, "आधी मला तुमचं काम बघू द्या."

साहेबांची इच्छा आणि साहेबांचा अधिकार यांत अंतर असतं. ते शिफारस करतात. मंजुरी बजेटवर, ग्रेडमधल्या जागांवर आणि वरच्या दोन-तीन सह्यांवर अवलंबून असते. म्हणून आता मला कोणी सल्ला विचारला, तर मी पुढच्या गोष्टी सांगतो.

साहेबांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा: नाव कोणाकडे गेलंय, मंजुरी कोण देणार आणि पत्र साधारण कधी निघेल? उत्तर मिळालं की आभाराची दोन ओळींची मेल टाका आणि त्यात ते उत्तर लिहा. साहेब बदलले तरी ती मेल राहते. नुसतं "बघू" ऐकू आलं, तर त्याच आठवड्यात बायोडेटा अद्ययावत करा.

मनाशी एक तारीख ठरवा. पत्रं जुलैत निघणार असतील, तर जुलैअखेर. मुलाखती मात्र त्याआधीच सुरू करा, कारण बोलावणं, दोन-तीन फेऱ्या आणि ऑफर यांत महिने जातात. त्यावर अनेक कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो.

जी नोकरी खरोखर घ्याल, तिथेच जा. रजा टाकून जा. कंपनीचा लॅपटॉप आणि मेल यासाठी वापरू नका. कँटीनमध्ये जवळच्या मित्रालाही सांगू नका. लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

आकडे नीट तपासा. सीटीसीमध्ये बहुधा मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबलही धरलेलं असतं. दर महिन्याला हातात किती येणार, ते वेगळं विचारा. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षं भरावी लागतात. हिशोब असा: शेवटचं वेतन (मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. हे वेतन महिना 52,000 असेल, तर पाच वर्षांचे दीड लाख होतात. पाच वर्षं भरायला तीन-चार महिने उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख त्या हिशोबाने मागा. नोटीस पिरियडचे दिवसही सेवेतच धरले जातात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर नव्या खात्यात वर्ग करा. एकूण पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या पीएफवर सहसा कर लागतो.

बाहेरची ऑफर साहेबांसमोर धमकी म्हणून ठेवू नका. दबावाखाली मिळालेल्या बढतीनंतर 'हा जाणारच आहे' ही शंका मागे राहते आणि पुढच्या वेळी नाव वर जाताना ती आड येते. मधल्या काळात खरंच बढती मिळाली, तर दोन्ही पत्रं शेजारी ठेवा. काम, पगार, घरापासूनचं अंतर, शिकायला काय मिळेल, सगळं बघा. थांबायचं ठरलं, तर समोरच्या कंपनीला त्याच दिवशी स्पष्ट आणि आदराने नकार कळवा.

मी पुढे मुलाखती दिल्या आणि दुसरीकडे रुजू झालो. जुन्या साहेबांशी माझे संबंध आजही चांगले आहेत. बढतीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: मन लावून काम करा, दिलेल्या शब्दाचा मान ठेवा, पण घरखर्चाचा आणि पुढच्या वर्षांचा बेत फक्त सही झालेल्या कागदावर आखा.