गाडीच्या पोटाखालचा गंज : विज्ञानाचा एक पाठ आणि पालकांसाठी थोडी तपासणी



लोखंड गंजण्याचा पाठ आपण सगळेच शिकवतो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यावर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शिअम क्लोराइड. काही दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा गंजतो, मुलं वहीत लिहितात की गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, आणि पाठ संपतो. पाठ बरोबरच आहे. पण ज्या व्हॅनमधून ही मुलं रोज शाळेत येतात, तिच्या तळाचा पत्रा याच नियमाने कुजत असतो आणि तिथे वाकून कुणी बघत नाही.

जुलै २०१२ मध्ये चेन्नईजवळच्या तांबरम भागात दुसरीत शिकणारी एक मुलगी चालत्या स्कूल बसच्या तळाला पडलेल्या भोकातून रस्त्यावर पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली सापडून गेली. मद्रास उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि तमिळनाडूत त्याच वर्षी स्कूल बससाठी वेगळे नियम झाले. बाहेरून रंगवलेली, काचा पुसलेली गाडी आतून कशी असेल हे सांगता येत नाही, म्हणून हा विषय.

तळालाच का?

मुलांना विचारा, गाडी टपापासून चाकापर्यंत सगळीकडे भिजते, मग गंज आधी खालीच का येतो? बहुतेक उत्तर येतं, 'खाली पाणी जास्त उडतं.' ते अर्धंच खरं आहे. टपावरचं पाणी ऊन पडलं की तासाभरात वाळतं. खाली ऊन पोचत नाही. शिवाय चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, चॅसीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या दोन पदरांच्या सांध्यात जाऊन बसतो आणि ओल्या फडक्यासारखा दिवसेंदिवस ओला राहतो. त्यात खडी उडून रंगाचे टवके गेलेले असतात. लोखंड उघडं पडायला तेवढं पुरतं.

आता यातली गंमत बघा. चिखलाच्या ढेकळाखाली हवा कमी पोचते, तर गंज कमी व्हायला हवा. होतं उलटं. पत्र्याचा जो भाग हवेला मोकळा आहे तिथे ऑक्सिजन भरपूर असतो, तो ऋणाग्र बनतो. ढेकळाखालचा, ऑक्सिजनला मुकलेला भाग धनाग्र बनतो आणि लोखंड विरघळतं ते धनाग्रापाशी. म्हणजे एका छोट्या विद्युत घटाची दोन टोकं एकाच पत्र्यावर तयार होतात. म्हणूनच वरून एवढासा फोड दिसतो आणि बोटाने दाबला की आत पत्राच नसतो. हे वर्गात दाखवायचं असेल तर चौथा प्रयोग जोडा. पत्र्याच्या घासलेल्या तुकड्याच्या मध्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवा, रोज मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-बारा दिवसांनी माती धुऊन बघा.

मिठाचं काम इथेच लक्षात येतं. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, म्हणून हा घट जोरात चालतो. आणि मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलसर राहतो. आमच्या किनारपट्टीला त्यामुळे दुहेरी मार बसतो. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून रोज ये-जा करणारी गाडी, मासळीच्या टेम्पोतून गळणारं बर्फाचं खारट पाणी, सुट्टीत पुळणीवर गाडी घालून लाटांतून फिरवणारे पाहुणे, ही सगळी याच पाठाची उदाहरणं. (पाहुणे घरी जातात, मीठ गाडीबरोबर घाटावर जातं.) अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ त्या गाड्यांचे असतात, कारण वेगळं दिसलं तरी रसायन तेच.

अॅल्युमिनिअमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगतो, वरचा रंग उचलतो, पोपडे पडतात आणि नवं लोखंड उघडं होतं. एकदा सुरू झालेला गंज आपोआप थांबत नाही तो यामुळे.

आधी बघणं

गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊनच बघायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, आणि विद्यार्थ्यांना तर प्रात्यक्षिक म्हणूनसुद्धा न्यायचं नाही. खाली गेल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणकन वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरायचं कारण नाही, सायलेन्सरवर तर तो असतोच. पोपडे सुटत असतील तर काम काढायची वेळ झाली. आणि टोचल्यावर टोक आत गेलं तर तो रंगाचा प्रश्न उरत नाही.

स्कूल व्हॅनमध्ये मी एक जागा आवर्जून बघायला सांगेन, ती म्हणजे आतलं मॅटिंग. पावसाळ्यात आठ-दहा मुलांचे ओले बूट आणि निथळणारे रेनकोट रोज दोन वेळा आत येतात. ते पाणी मॅटिंगखालच्या फोममध्ये मुरतं आणि जूनपासून दिवाळीपर्यंत तिथेच राहतं. पत्रा मग वरून आणि खालून असा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. मॅटिंगचा कोपरा उचलून बघायला दोन मिनिटं लागतात.

उपाय आणि त्याचा क्रम

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. गंजलेल्या, ओलसर पत्र्यावर थेट काळं कोटिंग मारून देतात. दिसायला छान दिसतं. पण ओल आणि मीठ आत कोंडलं जातं, वरचा जाड थर ते वाळू देत नाही आणि गंज झाकणाखाली निवांत चालू राहतो. माझ्या मते असं कोटिंग करण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं, निदान गंज डोळ्यांना दिसतो तरी.

आधी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चिखल आणि मीठ काढायचं. मग पूर्ण वाळू द्यायचं, एक-दोन दिवस उन्हात उभी ठेवून. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढावं, पावसाळ्यात नको. त्यानंतर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन सुटे पोपडे निघेपर्यंत खरडायचं. खरडताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवा. कानाकोपऱ्यात जो पातळ, घट्ट गंज उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावतात. यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. ते गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये किंवा टॅनेटमध्ये करतं, आणि हा थर गंजापेक्षा स्थिर असतो. मात्र सुट्या पोपड्यांवर हे ओतून उपयोग नाही.

टॅनिनचा प्रयोग वर्गात फार सोपा आहे. हिरड्याची पूड पाण्यात उकळा, गाळा, गार झाल्यावर त्यात गंजका खिळा टाका. थोड्या वेळात तांबडा खिळा काळा पडतो. फॉस्फेटसाठी दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण द्या. सुमारे १६०० वर्षं तो उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर बनला, हे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं.

कन्व्हर्टर वाळला की प्रायमर. इथे एखादं चौकस मूल नक्की विचारतं, 'सर, रेड ऑक्साइड म्हणजे तर लोखंडाचं ऑक्साइड, गंजाचाच भाऊ. तो लावून गंज कसा थांबतो?' प्रश्न एकदम चांगला आहे. ऑक्साइडची पूड आधीच ऑक्सिडीभवन झालेली, म्हणजे आणखी बदलायचं तिला काही उरलेलं नाही. ती राळेत घट्ट बांधलेली असते आणि पाण्याची वाट अडवते. जस्त असलेला प्रायमर याहून एक पाऊल पुढे जातो. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मग जहाजाला लावतात तसा गाडीला जस्ताचा ठोकळा का लावत नाहीत? कारण जहाज सतत पाण्यात असतं आणि घट पूर्ण होतो. गाडीखाली असं सलग पाणी नसतं, त्यामुळे ठोकळा फक्त आपल्या आसपासच्या ओल्या जागेपुरतंच काम करेल.

प्रायमर वाळल्यावर शेवटी अंडरकोटिंग. ते सायलेन्सर, ब्रेकचे भाग, प्रोपेलर शाफ्ट आणि रबरी बूश यांवर जाऊ द्यायचं नाही. दरवाज्यांच्या तळाला आणि खालच्या पोकळ पट्ट्यांना पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती कोटिंगने बुजली तर पाणी आतच साठतं. काम झाल्यावर प्रत्येक भोकात काडी घालून बघावी.

पावसाळ्याआधी गाडीखाली वापरलेलं इंजिन ऑइल फवारायची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. तेल पाणी दूर ठेवतं हे आपल्या दुसऱ्या परीक्षानळीसारखंच खरं आहे. पण ते रबर खराब करतं, ब्रेकपर्यंत गेलं तर धोका होतो, आणि पहिल्या जोराच्या पावसात विहिरीच्या वाटेने मातीत उतरतं. मला ते पटत नाही.

भोक पडलेल्या तळावर लांबी भरून रंग मारणं हा उपाय नव्हेच. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो आणि वेल्डिंगने जळलेला आतला थर पुन्हा लावावा लागतो. गंजलेले ब्रेकचे पाइप घासून रंगवायचे नसतात, सरळ बदलायचे.

शाळेने आणि पालकांनी

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधीही त्यात असतो. वाहनाची फिटनेस तपासणी पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. दोन तपासण्यांच्या मध्ये निदान एक पूर्ण पावसाळा जातो. म्हणून समितीच्या बैठकीत एवढं मागावं : मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन रॅम्पवर घेऊन तळाचे फोटो काढायचे, मॅटिंग उचलून आतलेही काढायचे, आणि ते तारखेसह फाइलला लावायचे. व्हॅनवाल्या काकांवर संशय म्हणून नव्हे. त्यांनाही पत्रा आतून दिसत नसतो, आणि वेळेत लावलेला प्रायमर त्यांना वेल्डिंगच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. समुद्राजवळच्या शाळांनी एक पाण्याची नळी फाटकापाशी ठेवावी, म्हणजे शनिवारी शाळा सुटल्यावर काकांना चाकांच्या आतून आणि खालून गोडं पाणी मारता येईल.