मिक्स्चर लीन आहे? कंट्रोलर घेण्याआधी हा हिशेब करा

थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून पटपट आवाज, गर्दीत दुसऱ्या गिअरवर हळू चालवताना झटके, सिग्नलला थांबल्यावर मांड्यांना जाणवणारी धग आणि प्लग काढून पाहिला तर पांढुरका. इंजेक्शनच्या मोटरसायकलच्या या तक्रारी सांगितल्या की अनेक गॅरेजांत एकच उत्तर मिळतं: ‘मिक्स्चर लीन आहे, कंट्रोलर बसवून टाका.’ लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि कंट्रोलर म्हणजे ते वाढवणारं उपकरण. त्याचा खर्च सहा-सात हजारांपासून सुरू होतो. माझ्या मते तो यादीत सर्वांत शेवटी यायला हवा. लीन चालण्याची बरीच कारणं हजारभर रुपयांत मिटतात. कंट्रोलर ती मिटवत नाही, झाकतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीला स्क्रू अर्धा आटा फिरवला की काम व्हायचं. इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, आणि ते पाळायला लागणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या अगदी जवळ. म्हणून बेंड पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सतत व्होल्टेज पाठवत राहतो, ०.१ च्या आसपास म्हणजे लीन, ०.९ च्या आसपास म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. एकसारख्या वेगात गाडी अशी स्वतःच सांभाळून घेते. थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर मात्र सेन्सरचं ऐकलं जात नाही, कंपनीने भरलेल्या तक्त्यावर काम चालतं. थोडक्यात, नवी, काहीही न बदललेली गाडी जराशी लीन चालत असेल, तर तो बिघाड नाही, ती तशीच बनवलेली आहे. तिथे पैसे घालू नका.

पेट्रोलचाही यात वाटा आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं: प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी सुमारे १३.५. ई-१० धरून जुळवलेल्या गाडीत ई-२० भरलं, की सेन्सरवरून पेट्रोल कमी-जास्त होत नाही तिथे ती साधारण चार टक्के लीन होते. मालकाच्या पुस्तिकेत ई-२० चा उल्लेख आहे का, ते आधी पाहा.

आता खर्च. खालचे आकडे ३५० ते ४०० सीसीच्या एका सिलेंडरच्या गाडीसाठी, शहरातल्या खासगी गॅरेजचा अंदाज म्हणून धरा. गाव आणि मॉडेल बदललं की ते हलतील.

पहिला खर्च तपासणीचा. गाडीच्या निदान-पोर्टला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर सहाशे ते हजार रुपयांत मिळतो, सहा पिनांची जोडवायर वेगळी, चारशे-आठशे. सगळ्या गाड्या त्याला साथ देत नाहीत, तेव्हा दुकानदाराला मॉडेल सांगूनच घ्या. मोबाइलवर ‘फ्युएल ट्रिम’चा आकडा शोधा. ईसीयू आपणहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते त्यातून कळतं. अधिक पाचपर्यंत काळजी नको. दहाच्या पुढे सतत राहत असेल तर कुठेतरी गडबड आहे, आणि कुठे ते आकड्याच्या चालीवरून समजतं. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढल्यावर उतरत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. उलट लोडवर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पोहोचतंय. आयडलचा आणि लोडवरचा असे दोन आकडे मेकॅनिकला दाखवले, की अंदाजपंचे पार्ट बदलणं थांबतं. एवढ्यासाठी मी स्कॅनरचे पैसे वसूल समजतो.

चोरटी हवा बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधल्या रबरी बूटमधून शिरते. रबर तडकलं असेल तर नवं तीनशे ते हजार रुपयांत, क्लॅम्प ढिला असेल तर स्क्रूड्रायव्हरच पुरतो. थ्रॉटल बॉडी सफाई तीनशे ते आठशे, इंजेक्टरची अल्ट्रासॉनिक सफाई पाचशे ते हजार. बेंड पाइपाची गॅस्केट शंभर-दोनशेची वस्तू, पण ती गळत असेल तर थ्रॉटल सोडताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पटपट आवाज येतो, सेन्सरही फसतो. सायलेन्सर बदलल्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर आधी हीच तपासा. यापुढचे खर्च जड आहेत: ऑक्सिजन सेन्सर दोन ते पाच हजार, फ्युएल पंपाचा पूर्ण संच चार ते दहा हजार. पंप बदलण्यापूर्वी गेज लावून प्रेशर मोजून दाखवायला सांगा. न मोजता पंप बदलू देऊ नका.

हे सगळं ठीक असेल आणि तुम्ही फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा उघडा फिल्टर लावला असेल, तेव्हा कंट्रोलरचा विचार योग्य. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा ‘फ्युएलएक्स’ साधारण सहा ते पंधरा हजारांत येतो. तो इंजेक्टरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूने सांगितलेल्या वेळेत थोडी भर घालतो. मूळ ईसीयूला जोडून बसणारा पिगीबॅक ईसीयू पंधरा हजारांच्या पुढे, आणि डायनोवर (रोलरच्या चाचणी-यंत्रावर) गाडी चालवून मिश्रण मोजून घ्यायचं असेल तर त्याचे दोन ते पाच हजार वेगळे. डायनोशिवाय महागडा पिगीबॅक घेऊ नका. हवेच्या तापमान सेन्सरला खोटं सांगणारा स्वस्त प्लगही मिळतो. हवा वीस अंश गार आहे असं भासवलं की ईसीयू सुमारे सहा टक्के पेट्रोल वाढवतो. पण ऑक्सिजन सेन्सर चालू असताना ती वाढ पुन्हा कापली जाते, म्हणून एकसारख्या वेगात त्याचा फारसा उपयोग नाही.

चालू खर्चही धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला ३० चा ॲव्हरेज आणि मिश्रण पाच टक्के वाढवलं, तर सुमारे १७ लिटर जास्त लागतात. पेट्रोल १०४ रुपयांनी धरलं तर वर्षाला पावणेदोन हजारांच्या आसपास. मिश्रण फार रिच केलं तर प्लग काळा होतो, न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो आणि त्याची बदली हजारांत जाते.

कायद्याची बाजू अनेक विक्रेते सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मिश्रण रिच झालं की पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वाढतो. वायरिंगला हात लावल्यामुळे वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, म्हणून गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या. कंट्रोलर घेतलाच, तर मूळ वायर कापू देऊ नका, कपलरला कपलर जोडणाराच घ्या. बसवल्यावर त्याच दिवशी पीयूसी करून पाहा. गाडी नापास झाली तर कंट्रोलरची पेट्रोलवाढ कमी करून द्यायचं काम विक्रेत्याने फुकट करावं, हे पैसे देण्याआधीच बिलावर लिहून घ्या.