एका गुंठ्यात काय काय मावते?

वसई तालुक्यातील वटार गावच्या एखाद्या वाडीत उभे राहून वर पाहा. माडाच्या झावळ्या, त्यांखाली केळी, कडेला बावखल. आता हीच वाडी ७८६ किलोमीटर उंचीवरून कशी दिसेल?

तेवढ्या उंचीवरून सेंटिनेल-२ मालिकेतील युरोपीय उपग्रह फिरतात. पहिला २०१५ साली सोडला गेला. त्यांच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद भरतो. म्हणजे जवळजवळ एक गुंठाच! १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आपल्या आय.आर.एस.-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटरांचा होता. त्यात सुमारे ५२ गुंठे मावत.

पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मात्र पान मोठ्या प्रमाणात परतवते. समजा, एका चौकोनातून तांबडा प्रकाश ५ टक्के व अवरक्त ४५ टक्के परत आला. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागा: ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. कोरड्या मातीतून २० व ३० टक्के आले, तर उत्तर ०.२. या आकड्याला हरितनिर्देशांक म्हणू.

गणित सोपे आहे. खरी अडचण पुढेच आहे. माड, केळ आणि तण मिळून चौकोनाला एकच आकडा मिळतो. झावळ्यांखालचा पानवेल उपग्रहाला जवळजवळ दिसतच नाही. बावखल बुजवून त्यावर रान माजले, तर आकडा उलट वाढतो! नकाशा हिरवा राहतो आणि गोड्या पाण्याचा साठा गेलेला असतो. म्हणून चित्र वाचणाऱ्याला जमिनीवरची झाडे ओळखता आली पाहिजेत. खाडीतील तिवर आणि किनाऱ्यावरचे सुरू यांना एकाच रंगात रंगवणारा नकाशा काय कामाचा?

आपल्याकडे या विद्येची सुरुवात माडापासूनच झाली, हे वटारच्या मुलांना आवडेल. १९७० साली पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेतली. मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासलेले माड त्यांत निरोगी माडांहून वेगळे दिसले. पिशारोटी स्वतः पदार्थवैज्ञानिक होते.

तुम्हांला यात संशोधन करायचे असेल तर वाटा दोन्हीकडून येतात. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत जाता येते. ती १९६६ पासून आहे आणि आज इस्रोच्या छत्राखाली चालते. पवईच्या आय.आय.टी.तही या विषयाचे केंद्र आहे. पीएच.डी.साठी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. वनस्पतिशास्त्र घेणाऱ्यांनी गणित सोडू नये, एवढे आग्रहाने सांगतो; पुढे संख्याशास्त्रावाचून अडते. विहिरीचे पाणी मचूळ झाल्यावर कोणते झाड आधी सुकते आणि ते वरून किती दिवसांनी कळते, हा प्रश्न पीएच.डी.ला पुरेल एवढा मोठा आहे.

सुरुवात आजही करता येईल. वाडीच्या मालकांना विचारून सुंभाने १० मीटरांचा चौकोन आखा. माथ्यावर कोणत्या झाडांची सावली किती हिस्सा व्यापते ते लिहा, आणि खाली लपलेल्या झाडांची वेगळी यादी करा. दिवाळीच्या सुटीत एकदा आणि मे महिन्यात पुन्हा. पावसाळ्यात घाई नको. तेव्हा ढगांमुळे या उपग्रहालाही वटार क्वचितच दिसते.