उतारावर ओझे पुढे लोटते

कळंबोलीच्या लोखंड बाजारात चॅनल, अँगल, पत्रा हवा तसा मिळतो आणि पनवेलमध्ये चांगल्या वेल्डिंगवाल्यांची वानवा नाही. त्यामुळे नेरे-मालडुंगे पट्ट्यात शेतघरावर एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी चारचाकी) बाळगणाऱ्याला मागे जोडायचा ट्रेलर इथेच बनवून घेणे सोयीचे वाटते. नमुना म्हणून समोर असते ती ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि घोळ तिथेच होतो. ट्रॅक्टर दीड-दोन टनांचा, त्यामुळे मागचे ओझे तो रोखून धरतो. एटीव्ही भरते जेमतेम ३००-३५० किलो. तिला तेच ओझे पुढे लोटते.

माथेरानच्या पायथ्याकडील एका बागेत प्रस्तुत लेखकाने हे प्रत्यक्ष पाहिले. ट्रेलर जाड चॅनलचा, दणकट, ओल्या मातीने काठोकाठ भरलेला. टेकाडाची चढण गाडीने सहज काढली आणि बघणारे निर्धास्त झाले. पलीकडच्या उतारावर, वळणापाशी चालकाने ब्रेक दाबला. गाडी थांबू पाहत होती, ट्रेलर थांबायला तयार नव्हता. त्याच्या रेट्याने गाडी आडवी फिरली आणि कुशीवर गेली. चालकाने वेळेत उडी मारली म्हणून पाय मुरगळण्यावर निभावले. इंजिनाची ताकद कुठेच कमी पडली नव्हती. ब्रेक मात्र फक्त गाडीला होते.

म्हणून ट्रेलर घेणाऱ्याने आधी वजनाचा हिशेब मांडावा. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि १ फूट खोल हौद्यात सुमारे ३४० लिटर मावतात. पाणी भरले तर ३४० किलो. ओली माती किंवा रेती भरली तर ६०० किलोंच्या पुढे. मध्यम आकाराच्या एटीव्हीची ओढण्याची मर्यादा बहुधा ४०० ते ६०० किलोंच्या दरम्यान असते, आणि त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. ट्रेलरच १५० किलोंचा केला, तर तेवढा माल पहिल्या दिवसापासून कमी झाला. इथे दणकटपणाचा हव्यास अंगाशी येतो. हलका सांगाडा आणि बेताचा हौदा, हेच पनवेलच्या चढ-उतारांना योग्य. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो, तो पाहिल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला माप देऊ नये.

वेगाचेही तसेच. ओझे जोडल्यावर सपाटीवर ताशी १६ किलोमीटर आणि खडबडीत जमिनीवर, वळणावर किंवा उतारावर ८ किलोमीटर, यापुढे जाऊ नये असे एटीव्ही बनवणाऱ्या पोलारिस कंपनीच्या पुस्तिका सांगतात. ८ किलोमीटर म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त वेग.

जोडणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवा. माल मागे सरकला की दांडी वर उचलली जाते, गाडीची मागची चाके हलकी होतात आणि पकड जाते. पुढे फार दाबला, तर स्टिअरिंग हलके पडते. अर्धवट भरलेला पाण्याचा ड्रम सर्वांत वाईट, कारण आतले पाणी दर धक्क्याला जागा बदलते. जोडणी दांडीभोवती गोल फिरणारी असेल तर उत्तम: बांधावर ट्रेलर कलंडला तरी तो गाडीला सोबत ओढत नाही. पिनेला क्लिप आणि जोडीला साखळी हवीच. चाके रुंद आणि कमी हवेची घ्यावीत. अरुंद चाक भाताच्या खाचरात रुतते.

आता रस्त्याचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ ट्रेलरलाही मोटार वाहन मानतो. फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनांना त्यातून सूट आहे. सर्वसाधारण एटीव्हीची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर वर्गात आणली, तो अपवाद. शेताचे दोन तुकडे गावरस्त्याने तोडलेले असतील, तर ‘एवढी दहा पावले तर जायची’ म्हणून चालत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो. अशांनी पनवेलच्या आरटीओ कार्यालयात (एमएच-४६) आधी चौकशी करावी, किंवा सरळ नोंदणी केलेला छोटा ट्रॅक्टर आणि ट्रॉली घ्यावी. खर्च वाढेल, पण रोज रस्ता ओलांडणाऱ्याला दुसरा मार्ग नाही.

इथला पाऊस लोखंडाला सोडत नाही. हौद्याच्या तळाला भोके, पाइपांची तोंडे नीट बंद आणि हबला ग्रीस भरायचा निप्पल, एवढे बनवतानाच सांगून ठेवावे. ट्रेलर तयार झाला की अर्धा भरून आपल्याच शेतातल्या सौम्य उतारावर सावकाश उतरवून पाहावा, वेल्डिंगवाल्याला सोबत घेऊन. दांडी वाकते का, साखळी खाली घासते का, वळताना हौदा मागच्या चाकाला लागतो का, हे तिथेच कळते. उरलेले पैसे त्यानंतर द्यावेत.