पाच रुपयांचे पाकीट आणि घरातली कढई

शाळा सुटल्यावर वस्तीतल्या दुकानापुढे मुलांची जी गर्दी होते, ती बहुतेक चिप्सच्या पाकिटांसाठी असते. ५ रुपये हातावर ठेवले की मूल तासभर गप्प बसते. संध्याकाळी सात वाजता कामावरून परतणाऱ्या आईला तेवढाही आधार मोठा असतो. त्यामुळे पाकिटाला नुसती नावे ठेवून काही होत नाही. कराडमधल्या वस्त्यांत आरोग्याची बैठक घेतो तेव्हा आम्ही आधी ते पाकीट सगळ्यांना वाचायला लावतो.

पहिल्यांदा वजन बघा. समजा ५ रुपयांच्या पाकिटात १२ ग्रॅम माल आहे, तर तो किलोला चारशे रुपयांच्या वर पडला. बटाट्याचा भाव आपल्याला माहीतच आहे. मग घटक पदार्थ बघा. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत पहिला छापावा लागतो. पाकिटावर बीट-गाजराचे चित्र असले, तरी यादीत आधी बटाट्याचे किंवा मक्याचे पीठ आणि पामतेल असेल आणि भाजीची पूड शेवटी असेल, तर ते भाजीचे चिप्स नव्हेत. तळलेल्या बटाटा चिप्समध्ये वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश तेल असते, म्हणजे शंभर ग्रॅममागे सहा-सात चमचे.

शेवटी सोडियमचा आकडा बघा. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण तेवढेच. त्यात आमटी, खर्डा, सुकट, लोणचे, पापड सगळे आले. वस्तीत रक्तदाब तपासताना गोळी चालू असूनही दाब उतरत नाही अशा बाया भेटतात. त्यांना काय खाता म्हणून विचारले की ‘मीठ वरून घेतच नाही’ असे उत्तर येते. खरे असते ते. वरून घेत नाहीत, पण आतून किती जाते ते मोजलेले नसते.

आता घरचे चिप्स. ओव्हन लागत नाही. नानकटाईसाठी आपल्या बाया जाड कढईत मीठ तापवतात, तीच रीत इथे चालते. जुनी जाड बुडाची कढई घ्या, तळाला वाटीभर जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, त्यावर एक रिंग किंवा छोटी वाटी उपडी ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. हे मीठ पुन्हा याच कामाला वापरा, जेवणात घालू नका. प्रेशर कुकर मात्र असा कोरडा तापवू नये. रबर आणि व्हॉल्व्ह खराब होतात आणि तोच कुकर उद्या डाळीला लावायचा असतो.

पावशेर रताळे, बीट किंवा गाजर स्वच्छ धुऊन वेफर्सच्या किसणीवर नाण्याच्या जाडीचे काप करा. जाड-बारीक झाले तर बारीक जळतात आणि जाड मऊ राहतात. म्हणून किसणी नसेल तर सुरी आधी धार लावून घ्या. रताळ्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवून पाणी टाकून द्या, म्हणजे वरचे पीठ निघून जाते. मग सुती कापडावर पसरून दाबून कोरडे करा. हे कोरडे करणे फार महत्त्वाचे. ओले काप कढईत गेले की ते भाजत नाहीत, वाफेवर शिजतात.

पावशेर भाजीला एक चहाचा चमचा तेल, चिमूट हळद आणि पाव चमच्याहून कमी मीठ हाताने चोळा. ताटलीत काप एकमेकांवर न ठेवता मांडा, ताटली कढईत रिंगवर ठेवा. झाकण किंचित फटीने उघडे राहू द्या, म्हणजे वाफ निघून जाते. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा उलटा. बीटाला जास्त वेळ लागतो. काप कढईत पूर्ण कडक होत नाहीत, बाहेर काढल्यावर गार होताना होतात. रंग सोनेरी झाला की थांबा. पिठूळ कंद १२० अंशांच्या वर कोरडे भाजले किंवा तळले की ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसला आहे. काप जितका काळपट, तितके ते जास्त. जळका काप टाकून द्यावा, ‘खमंग लागतो’ म्हणून मुलाला देऊ नये.

मसाला शेवटी. तिखट आणि लसूण आधी लावले तर करपून कडू होतात. काप गरम असतानाच त्यावर मिरचीपूड, जिरेपूड, चुरलेला ओवा आणि थोडा आमचूर भुरभुरवा. आंबटपणा असला की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही. सातारा-सांगलीकडे सगळ्यांचा हात कांदा-लसूण मसाल्याकडे जातो. तो खुशाल घ्या, पण त्यात कुटतानाच मीठ पडलेले असते. तो घालणार असाल तर कापांना वेगळे मीठ लावू नका. सैंधव घातले म्हणून चालते, हाही गैरसमज आहे. तेही सोडियमच, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते.

इतका गॅस परवडत नाही, ही तक्रार बैठकीत दरवेळी येते आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय ऊन. बेदाणा कसा होतो ते तासगावकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायांना ठाऊक आहे. शेडमध्ये जाळीवर, सावलीत, खालून-वरून वारा खेळवून. भाजी वाळवतानाही उन्हाइतकाच वारा लागतो. परातीत काप खालून ओलेच राहतात. चाळणीवर किंवा बाजेवर ताणलेल्या धुतलेल्या सुती साडीवर ते लवकर वाळतात. वरून मच्छरदाणीचा तुकडा टाका, माशा बसत नाहीत. सिमेंटच्या पत्र्यावर थेट टाकू नका, वर्तमानपत्रावरही नको, शाई अन्नाला लागते. रस्त्याकडेच्या घरांनी विहाराची गच्ची वापरावी. एप्रिल-मेमध्ये कापांना दोन दिवस पुरतात. मग तव्यावर थेंबभर तेलात आठ-दहा मिनिटे परतले की झाले. भेंडी, गवार, कारले यांना तर हीच पद्धत उत्तम. वाळवणाची गवार आपल्याकडे खारवून तळतात. आम्ही सांगतो, मीठ चिमूटभर लावा आणि तळू नका, भाजा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. भेंडीत नव्वद टक्के पाणी असते, बीटातही जवळपास तेवढेच. पावशेर भाजीचे जेमतेम मूठभर चिप्स होतात. तेवढ्याने मुलाचे पोट भरणार नाही. त्यात दुपटीने फुटाणे आणि थोडे भाजलेले शेंगदाणे मिसळा. मग त्यात प्रथिने येतात, खर्च कमी होतो आणि मूल जेवणापर्यंत टिकते. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे, फुटाणे किंवा कडक काप देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. त्यांना उकडलेले रताळे कुस्करून द्यावे.

हे चिप्स भाजीची जागा घेत नाहीत. वाळवण्यात क जीवनसत्त्व बरेचसे जाते, चोथा आणि खनिजे राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या ताटात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. मूठभर चिप्सने तो आकडा गाठला जात नाही. बीट लाल म्हणून रक्त वाढते असे समजून लोहाच्या गोळ्या बंद करणाऱ्या मुली आम्हाला भेटतात. शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. गोळ्या चालूच ठेवायच्या. कारल्याच्या चिप्सने साखरेची गोळीही सुटत नाही. मधुमेह असेल त्याने रताळ्याचे चिप्स खाल्ले, तर त्या जेवणात भाकरी कमी करावी. मूत्रपिंडाचा आजार असेल, डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले असेल, त्यांनी बीट-रताळ्याचे चिप्स त्यांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. वाळल्यावर पोटॅशियम कमी होत नाही, उलट थोडक्या वजनात जास्त जाते.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरले तर झाकणाला पाणी सुटते. कढईतले चिप्स तीन-चार दिवसांत संपवावेत. कराडला जूनपासून हवा इतकी दमट होते की कडक चिप्सही रात्रीत मऊ पडतात. नुसते मऊ पडले तर तव्यावर गरम करा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर सगळा डबा टाकून द्या, वरचे काढून खालचे खाऊ नका. बचत गटाला विकायचे असतील तर आधी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी घ्यावी लागते. ती झाल्यावर पाकिटावर घटक, वजन, तारीख आणि मिठाचे प्रमाण आपणही छापायचे.